सांगलीतून बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेपर्यंत कसं जायचं? माहीतगारांनी सविस्तर लिहा

विश्रामबागची_आई
शनिवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, जन्म नोव्हेंबर 2014. इनलाइन स्केटिंग (एका ओळीतल्या चाकांवरचं) करते, स्पीड म्हणजे शर्यतीचं. शालेय स्पर्धांत जिल्ह्यातून कोल्हापूर विभागात आणि तिथून राज्यापर्यंत गेली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये डेहराडूनला शॉर्ट ट्रॅकची (छोट्या रिंकवरच्या बर्फातल्या शर्यतींची) एशियन ओपन स्पर्धा झाली, तिचे व्हिडिओ तिनं बघितले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. तिला बर्फावर जायचंय, आणि तेही भारताच्या जर्सीत.

मी चौकशी करतेय, पण जो तो वेगळंच सांगतो. एक जण म्हणाले, रोलरचं राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र आहे म्हणजे थेट निवड चाचणीला घेतील. दुसऱ्यांनी सांगितलं, परदेशात स्पर्धा असतात, फी भरली की प्रवेश मिळतो. आणखी कुणी म्हणालं, 2028 ला हिवाळी युथ ऑलिम्पिक आहे, आत्ता मनावर घेतलं तर तेवढ्यात जमून जाईल. निवड नक्की कोण करतं, कशावर करतं, कुठल्या वयात करतं, आणि सांगलीत बर्फ नसताना आम्ही पहिलं पाऊल कुठं टाकायचं? मिस्टर बँकेत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. खर्च करायची तयारी आहे, पण आंधळेपणानं नको. कितीही लांब लिहिलंत तरी वाचेन.


मिरजेचे_सर
शनिवार, रात्री 10:25

ताई, मी मिरजेत चाकांवरचं स्केटिंग शिकवतो. माझ्याकडची काही मुलं पुढं बर्फावर गेली, त्या अनुभवावर लिहितो.

सगळ्यात आधी एक गाठ सोडवून घ्या. चाकांवरचा खेळ जगात वर्ल्ड स्केट ही संघटना चालवते, भारतात तो रोलर स्केटिंग फेडरेशनकडं आहे. बर्फावरचा खेळ आयएसयू म्हणजे इंटरनॅशनल स्केटिंग युनियनकडं. ती 1892 सालची संघटना, आणि भारतात तिची सदस्य आहे आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया. दोन्हींची नोंदणी वेगळी, राष्ट्रीय स्पर्धा वेगळ्या, निवड समित्या वेगळ्या. मुलीचं रोलरचं प्रमाणपत्र आम्हा कोच लोकांना खूप काही सांगतं, पण बर्फाच्या निवडीत त्याची दखल घेतली जात नाही. तिथं तिला नव्यानं नाव नोंदवून, बर्फावर पळून, बर्फावरच निकाल दाखवावा लागेल.

रस्ता असा आहे. राज्याच्या आइस स्केटिंग संघटनेकडं नोंदणी, राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धेतले निकाल आणि निवड चाचणी, मग फेडरेशन परदेशातल्या स्पर्धेला नाव पाठवते. आयएसयूच्या कुठल्याही स्पर्धेला प्रवेशिका फक्त देशाची फेडरेशनच पाठवू शकते. पालक, क्लब, कोच, कुणालाच ते करता येत नाही. त्यामुळं "थेट आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत प्रवेश मिळवून देतो" असं कुणी म्हणालं, की त्याला एकच विचारायचं: कुठल्या फेडरेशनमार्फत आणि आयएसयूच्या कॅलेंडरवर ही स्पर्धा कुठं आहे?

आता वय. आपण शालेय स्पर्धेत जसं वय धरतो तसं इथं धरत नाहीत. आयएसयूचा हंगाम 1 जुलैला सुरू होतो आणि त्या 1 जुलैच्या आधी किती वर्षं पूर्ण झाली हे बघतात. फिगर स्केटिंगमध्ये ज्युनियर म्हणजे त्या दिवसाआधी 13 पूर्ण आणि 19 पूर्ण न झालेले. तुमच्या मुलीला नोव्हेंबर 2027 मध्ये तेरा पूर्ण होतील, म्हणजे 1 जुलै 2028 ला ती पात्र ठरते आणि तिचा पहिला ज्युनियर हंगाम 2028-29. त्याच वर्षी जूनमध्ये जन्मलेली तिची वर्गमैत्रीण मात्र एक हंगाम आधी उतरू शकेल. स्पीड स्केटिंगलाही वय याच तारखेला मोजतात.

युथ ऑलिम्पिकचं म्हणाल तर 2028 चं इटलीत, दोलोमिती-वाल्तेल्लिना भागात, जानेवारीत आहे. तेव्हा तुमची मुलगी तेरा वर्षांची असेल. ती स्पर्धा साधारण 15 ते 18 वयाच्या मुलांसाठी असते. तेव्हा 2028 डोक्यातून काढा, म्हणजे उगाच घाई होणार नाही.


कृष्णाकाठ
शनिवार, रात्री 11:05

सरांनी मूळ मुद्दा सांगितलाच. मला फक्त विचारायचं आहे, ताई: मुलीला शर्यत आवडते की नृत्य आणि उड्या? बर्फावर तीन मोठे प्रकार आहेत, फिगर म्हणजे नृत्य आणि उड्या, शॉर्ट ट्रॅक म्हणजे छोट्या रिंकवरची शर्यत आणि लाँग ट्रॅक म्हणजे मोठ्या मैदानावरची. पात्रतेची पद्धत प्रत्येकाची निराळी आहे.


विश्रामबागची_आई
रविवार, सकाळी 7:50

शर्यत. त्यात शंकाच नाही. पण आमच्या सोसायटीतली दुसरी एक मुलगी आर्टिस्टिक करते, तिची आईही हा धागा वाचतेय, तेव्हा फिगरबद्दल कुणाला माहिती असेल तर तेही लिहा. सर, वयाचा हिशेब इतका स्पष्ट करून सांगितल्याबद्दल मनापासून आभार. रात्रीच कॅलेंडर काढून बसलो होतो.


पुणे_मुक्कामी
रविवार, सकाळी 10:15

मी मूळची सांगलीची, गावभागातली. आता पुण्यात असते. फिगर स्केटिंग अनेक वर्षं अगदी बारकाईनं बघते, नियमांसह. त्या दुसऱ्या आईंसाठी लिहिते.

फिगरमध्ये लहान मुलांची पायरी नोव्हिस. त्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड नोव्हिसला मुलं-मुली दहा पूर्ण आणि पंधरा पूर्ण न झालेली चालतात, हिशेब तोच 1 जुलैचा. या वयोगटाला जागतिक अजिंक्यपद नसतं, पण आयएसयूच्या कॅलेंडरवरच्या अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नोव्हिस गट असतो. परीक्षकांसमोर उभं राहायची सवय होते ती इथंच. मग ज्युनियर. ज्युनियरचा कणा म्हणजे ज्युनियर ग्रांप्री. दर हंगामात ऑगस्टपासून वेगवेगळ्या देशांत स्पर्धा होतात, साधारण सात. एका खेळाडूला जास्तीत जास्त दोन मिळतात, दोन्हींचे गुण मिळवून पहिले सहा जण अंतिम स्पर्धेला जातात. या स्पर्धांत कुठल्या देशाला किती जागा हे आधीच्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्या देशाच्या मुलांनी काय केलं यावर ठरतं. जागा देशाच्या नावावर असते, त्या जागेवर कुणाला पाठवायचं हे फेडरेशन ठरवते. पालकांना हे पचायला जड जातं. आपल्या मुलीनं मिळवलेल्या निकालावर पुढच्या वर्षी दुसरी मुलगी जाऊ शकते.

जागतिक ज्युनियर अजिंक्यपदाला प्रत्येक सदस्य देशाला प्रत्येक प्रकारात एक जागा हक्काची. एकच खेळाडू उतरवलेल्या देशाचा तो खेळाडू पहिल्या दोघांत आला तर पुढच्या वर्षी तीन जागा, तिसऱ्या ते दहाव्या क्रमांकात आला तर दोन. पण हक्काची जागा म्हणजे थेट तिकीट नव्हे. त्यासाठी किमान तांत्रिक गुण लागतात. शॉर्ट प्रोग्रॅमला (पहिली, लहान फेरी) वेगळे आणि फ्री स्केटिंगला (दुसरी, मोठी फेरी) वेगळे. हे गुण चालू किंवा लगेच आधीच्या हंगामात आणि आयएसयूनं मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतच मिळवलेले असावे लागतात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत कितीही गुण पडले तरी ते इथं चालत नाहीत. ही अट कळल्यावर परदेशी स्पर्धांची खरी गरज लक्षात येते. पदक मिळो न मिळो, किमान गुण कागदावर यावे लागतात, आणि त्यासाठी मोजक्याच, नीट निवडलेल्या स्पर्धा पुरतात.

तांत्रिक गुण म्हणजे काय, तर उड्या, फिरक्या, पायांची कामं यांची ठरलेली किंमत. डबल अ‍ॅक्सलची (हवेत अडीच फेऱ्यांची उडी) मूळ किंमत 3.30, ट्रिपल टो लूपची (तीन फेऱ्यांची) 4.20. उडी घेतली आणि पाय टेकला एवढ्यावर भागत नाही. हवेतली फेरी पाव फेरीपेक्षा जास्त कमी पडली तर मूळ किमतीतले 20 टक्के जातात. अर्धी किंवा त्याहून जास्त कमी पडली तर ती उडी खालच्या उडीच्या भावात मोजतात, ट्रिपलची डबल होते. टेक्निकल पॅनल संथ गतीचा व्हिडिओ थांबवून पातं बर्फाला कुठं टेकलं ते बघतं. घरच्या व्हिडिओत जी उडी आपल्याला पूर्ण दिसते, ती तिथं कापली जाते आणि किमान गुण थोडक्यात हुकतात. म्हणून मी सांगेन, त्या मुलीला अकराव्या वर्षी ट्रिपलच्या मागं लावण्याआधी तिची डबल अ‍ॅक्सल कुठल्याही दिवशी, कुठल्याही रिंकवर पूर्ण फिरते का ते बघा. ज्युनियर मुलींच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ती टाळता येत नाही. शॉर्ट प्रोग्रॅम 2 मिनिटं 40 सेकंदांचा, फ्री साडेतीन मिनिटांचा. त्या साडेतीन मिनिटांत शेवटच्या उड्यांपर्यंत पाय टिकणं, हे चाकांवर कमावता येतं.

आणखी एक. 2022 च्या बीजिंगनंतर आयएसयूनं सीनियरचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्यानं 17 वर नेलं. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. आपल्याकडं उशिरा सुरू करणाऱ्या मुलींना ज्युनियरमध्ये हाडं भक्कम होईपर्यंत वेळ मिळतो.

भारताकडून जागतिक स्पर्धेत उतरणारी तारा प्रसाद अमेरिकेत सराव करते. यावरून आपल्याकडं बर्फ किती दुर्मीळ आहे ते समजावं.


पोवईनाका
रविवार, दुपारी 12:30

मी साताऱ्याचा. माझं मत थोडं वेगळं आहे आणि ताईंनी ते राग न मानता वाचावं. आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनं 2023 ला बर्लिनमध्ये तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं, वय सतरा. छोट्या गावातून जगात जाता येतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण अदितीचं मैदान साताऱ्यात होतं, रोज. घरापासून हाकेच्या अंतरावर. बर्फ सांगलीत नाही, साताऱ्यात नाही. मुंबईत जे आहे ते पर्यटकांनी तासभर घसरायचं. 60 बाय 30 मीटरची पूर्ण मापाची रिंक बघायची तर डेहराडूनला जावं लागतं. मुलगी अकरा वर्षांची, शाळा आहे, दहावी येईल. चाकांवर तिचं चांगलं चाललंय. आनंदकुमार वेलकुमार हा आपला चेन्नईचा मुलगा 2025 ला चीनमध्ये 1000 मीटर स्प्रिंटचा विश्वविजेता झाला, चाकांवरच. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रोलरच्या 3000 मीटर रिलेत भारताला दोन कांस्यपदकं मिळाली. जे हाताशी आहे त्यातच तिला पुढं नेलं तर काय वाईट?


मिरजेचे_सर
रविवार, दुपारी 1:45

दादा, तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच मी कुणाला चाकं सोडायला सांगत नाही. पण दोन्ही एकत्र चालतात, आणि जगातले मोठे स्पीड स्केटर तसेच घडले आहेत. बेल्जियमचा बार्ट स्विंग्स इनलाइनचा विश्वविजेता, 2022 ला बीजिंगमध्ये मास स्टार्टचं (सगळे एकत्र सुटतात ती शर्यत) सुवर्ण त्याचं. अमेरिकेची एरिन जॅक्सन इनलाइनमधून आली. 2018 च्या ऑलिम्पिक संघात आली तेव्हा बर्फावर तिचे जेमतेम काही महिने झाले होते, आणि 2022 ला 500 मीटरचं सुवर्ण तिनं घेतलं. मांडीची ताकद, खाली बसून पळायची सवय, वळणावर एकावर एक पाय टाकत जाणं, दम, गटात पळताना मागच्याचा अंदाज, हे सगळं चाकांवर तयार होतं.

अडचण दुसरीकडं आहे. इनलाइनवाल्यांना सगळ्यात जवळचा लाँग ट्रॅक, म्हणजे 400 मीटरचं मैदान. तसं कृत्रिम बर्फाचं मैदान भारतात नाही. त्यामुळं आपली मुलं शॉर्ट ट्रॅकला येतात. तिथं फेरी 111.12 मीटरची, 500 मीटरला साडेचार फेऱ्या, 1500 ला साडेतेरा. सगळा खेळ वळणाचा. सरळ रेषेत जीव तोडून पळणारा मुलगा इथं मागं पडतो आणि वळणात शरीर आत झोकायला न घाबरणारा पुढं जातो. तुमची मुलगी वळणात कशी आहे ते बघायला तिला एकदा मिरजेच्या क्रीडा संकुलात घेऊन या. डावीकडच्या क्रॉसओव्हरवर, म्हणजे वळणात पायावर पाय टाकण्यावर, मला बरंच कळेल.

शॉर्ट ट्रॅकमध्ये निकाल हीटवर, म्हणजे छोट्या गटांच्या फेऱ्यांवर. पहिले येणारे पुढं जातात, पंच ढकलाढकली बघून बाद करतात. लाँग ट्रॅकला जागतिक ज्युनियरसाठी ठरावीक वेळ आधी मान्य स्पर्धेत नोंदवलेली असावी लागते. म्हणजे फिगरला गुण, लाँग ट्रॅकला वेळ, दोन्हीकडं तत्त्व एकच: आधी मान्य बर्फावर स्वतःला सिद्ध करा, मग देशाच्या जागेवर हक्क सांगा.


कराडची_मावशी
रविवार, दुपारी 3:20

मला पैसे भरून जायच्या स्पर्धांबद्दल लिहायचंय, कारण आमचं त्यात नुकसान झालंय. नाव कुणाचं घेत नाही. भाचीला एका आयोजकानं "आंतरराष्ट्रीय आइस स्केटिंग स्पर्धा" म्हणून परदेशात नेलं. माणशी मोठी रक्कम घेतली. तिथं रिंक छान होती, मुलं छान होती, स्पर्धाही झाली, भाचीला पदकही मिळालं. गावात मिरवणूक निघाली, पेपरात फोटो आला. मग दहावीला क्रीडा सवलतीच्या गुणांसाठी प्रमाणपत्र दिलं तर ते धरलं नाही, कारण मान्यताप्राप्त फेडरेशनमार्फत ती स्पर्धा नव्हती. सरकारी नोकरीतल्या 5 टक्के क्रीडा आरक्षणासाठीही प्रमाणपत्राची पडताळणी होते, तिथं हेच घडलं असतं. पोरगी किती रडली ते आम्हालाच माहीत.

मी असं म्हणत नाही की हौशी स्पर्धा वाईट असतात. सगळ्यांना खुल्या, आनंदासाठी भरवलेल्या स्पर्धा जगभर असतात आणि मुलांना तिथं मजा येते. फक्त ती निवडीची पायरी आहे असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. पैसे देण्याआधी स्पर्धेचं नाव आयएसयूच्या यादीत बघा, फेडरेशनचं पत्र मागा, आणि जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा की हे प्रमाणपत्र चालेल का. तिघांपैकी एकानं जरी टाळाटाळ केली तरी थांबा.


पुणे_मुक्कामी
रविवार, दुपारी 3:55

मावशी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ताई, ही पोस्ट तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नक्की टाका.


कुपवाडचा_ग्राइंडर
रविवार, सायंकाळी 6:10

मी कुपवाड एमआयडीसीत टूल ग्राइंडिंग करतो. मुलगा शॉर्ट ट्रॅकला आहे. कुणी पात्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण सांगलीत राहून हा खेळ करायचा तर हे काम घरातच शिकावं लागतं.

चाक झिजलं तर आपण बदलतो. पातं झिजत नाही तेवढं बोथट होतं, आणि बोथट पात्यावर पोरगं वळणात सटकून थेट कडेच्या पॅडवर जातं. पाती दोन्ही एकाच वेळी जिगमध्ये (पाती धरायच्या चौकटीत) आवळायची, धार वर. दोन्ही एका पातळीत आहेत का ते दगड आडवा ठेवून बघायचं, जराही डुगडुगता कामा नये. मग दगड तिरका धरून लांब, एकसारखे हात मारायचे. जोर द्यायचा नाही, दगडाचं वजन पुरतं. थोडे हात मारले की बोटाचं टोक पात्याच्या बाजूवरनं वर न्यायचं. कडेला बारीक खरखर लागते, तो बर. बर दोन्ही बाजूंना सारखा आला म्हणजे धार मधोमध बसली. मग बारीक दगड पात्याच्या बाजूला सपाट टेकवून बर काढायचा. शेवटी नखावर धार हलकेच ओढायची. नखाचा पांढरा चूर निघाला तर ठीक.

स्पीडचं पातं वरनं बघताना सरळ वाटतं, पण त्याला खालनं फार थोडी गोलाई असते, आणि शॉर्ट ट्रॅकला ते डावीकडं थोडं वाकवलेलंही असतं. ती गोलाई घरी बिघडवू नका, ते काम जाणत्याकडनंच करून घ्या. फिगरची पाती हाताच्या दगडानं लावायचीच नाहीत. त्यांच्या तळाला मधोमध खोबण असते आणि पुढं दात असतात, त्याला वेगळी मशीन लागते.

पातं वापरून झालं की कोरडं पुसायचं. सांगलीच्या पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो. आम्ही सुती फडक्यात गुंडाळून ठेवतो, प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये नाही.


पोवईनाका
रविवार, सायंकाळी 6:40

वाचून समाधान वाटलं. कारागिरी अशीच असावी. माझा खर्चाचा प्रश्न मात्र अजून कायम आहे.


आयर्विन_पूल
रविवार, रात्री 8:15

मी सतरा वर्षांची आहे, पाचवीपासून इनलाइन, नंतर शॉर्ट ट्रॅक. काका, खर्चाचं मी सांगते, कारण माझ्या घरचा हिशेब मीच लिहिते.

आम्ही विमानानं जात नाही. मिरजेहून गोवा एक्सप्रेस, दीड दिवसात निजामुद्दीन. तिथून गुरुग्राम किंवा पुढं डेहराडून. सगळ्यात जास्त पैसे प्रवासात जात नाहीत, राहण्यात आणि बर्फाच्या तासांत जातात. म्हणून आम्ही चार-पाच मुलींचे पालक मिळून एक खोली घेतो, एक आई सगळ्यांसोबत राहते. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी हे आमचे बर्फाचे दिवस. बाकी वर्षभर सांगलीत चाकं, सायकल, घरच्या जमिनीवर मोज्यात स्लाइड बोर्ड (बाजूबाजूला घसरायचा सराव), आणि पायऱ्या.

पहिल्यांदा बर्फावर उभी राहिले तेव्हा कृष्णेच्या शेवाळलेल्या घाटावर पाय ठेवल्यासारखं वाटलं. चाकांवर मी राज्यात होते, तिथं मला थांबता येईना. चाकांवर आपण टाच किंवा पाय आडवा घासून थांबतो. बर्फावर पातं आडवं करून बर्फ खरवडत थांबायचं असतं, आणि त्यासाठी आधी घसरायची भीती जावी लागते. वळणात डावा हात बर्फाला टेकवायचा असतो, ग्लोव्हच्या बोटांना टणक टोपणं असतात. बराच काळ मी हात टेकवायला घाबरायचे. एका कोचनी मला एका वर्तुळात फक्त हात टेकवत फिरायला लावलं, तेव्हा ते सुटलं.

डेहराडूनची हिमाद्री रिंक 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली आणि मग वर्षानुवर्षं बंद राहिली. ती 2025 ला पुन्हा सुरू झाली. आमच्या आधीच्या ताई-दादांना ती मिळालीच नाही, ते शिमल्याच्या उघड्या रिंकवर शिकले, तीही हिवाळ्यातच आणि ऊन चढायच्या आत किंवा संध्याकाळी. लेहला खेलो इंडियामध्ये महाराष्ट्राच्या मुलांनी पदकं मिळवली आहेत. तिथं जाणार असाल तर स्पर्धेआधी दोन-तीन दिवस नुसतं थांबायचं, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिल्याच दिवशी पळालात तर डोकं धरून बसाल.

ताई, तुमच्या मुलीला सांगा, राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या वर्षी शेवटची आली तरी बाद न होता शर्यत पुरी करायची. बाद झालं की पुढची हीट जाते, आणि आमच्यासारख्यांना वर्षात बर्फावरच्या शर्यती मिळतातच किती? प्रत्येक शर्यत पूर्ण पळायला हवी.


मिरजेचे_सर
रविवार, रात्री 8:50

बेटा, तू लिहिलंस ते मी उद्या माझ्या सगळ्या मुलांना वाचून दाखवणार आहे.


कृष्णाकाठ
रविवार, रात्री 9:10

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. कागद. जन्माचा दाखला वेळेत नोंदलेला हवा, आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची तारीख त्याच्याशी जुळायला हवी, नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच हवं. पासपोर्ट आत्ताच काढून घ्या. लहान मुलांचा पासपोर्ट साधारण पाच वर्षांचाच मिळतो, त्यामुळं स्पर्धेच्या वेळी किती मुदत उरते ते बघा. निवड होऊन कागदात अडकलेली मुलं मी पाहिली आहेत.


विश्रामबागची_आई
रविवार, रात्री 10:30

सगळ्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी आणि मिस्टरांनी बसून ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

चाकं सुरूच राहतील, कोल्हापूर विभाग आणि राज्य दोन्ही. या मे महिन्यात बर्फ, डेहराडून. राज्याच्या आइस स्केटिंग संघटनेकडं नोंदणी सोमवारी विचारणार. ज्यांनी परदेशाची ऑफर दिली होती त्यांना मावशींचे तीन प्रश्न पाठवले, अजून उत्तर नाही. पुढच्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा, तिथं शर्यत पूर्ण करणं एवढंच. 2028-29 पर्यंत ज्युनियरचा विचारही करायचा नाही.

पोवईनाका दादा, तुमची काळजी मला खरी वाटते. दहावीच्या वर्षी काय करायचं ते अजून आमचंही ठरलेलं नाही.

आयर्विन पूल, तुमच्या खोलीत मे महिन्यात एक जागा असेल का? मी स्वतः सोबत येईन, स्वयंपाक माझ्याकडे.


आयर्विन_पूल
रविवार, रात्री 10:42

काकू, जागा आहे. तिकिटं आधी काढायला हवीत, मे महिन्यात गोवा एक्सप्रेस लवकर भरते. मी आईला विचारून मेसेज करते. आणि जाड मोज्यांच्या दोन जोड्या घ्या, पण बुटात घालायला नाही, रिंकबाहेर बसताना लागतात. बुटात पातळच घालायचे.


कुपवाडचा_ग्राइंडर
रविवार, रात्री 10:55

जिग आणि दगड माझ्याकडनं घेऊन जा. जाण्याआधी एका रविवारी घरी या, हात कसा मारायचा ते दाखवतो. मुलीलाही आणा, तिनंच शिकलेलं बरं.